जी

रघुजीनगरला, पीएफ ऑफिसच्या लाईनीत माझं दुकान.
झेरॉक्स, ऑनलाइन, लॅमिनेशन.
मे महिन्यात कूलरसमोरच्या बाकावर म्हातारे बसतात,
काम झालं तरी लवकर उठत नाहीत.

चिंधूजी निखारे साडेअकराला आले,
संत्रा बर्फीच्या डब्यात सव्वीस वर्षं घेऊन.
आत गुलाबी पगारचिठ्ठ्या, वर्षावर्षाचे गठ्ठे,
बांधलेलं रबर वितळून कागदाला चिकटलेलं.
"हिंगणा रोडले सूतगिरणी होती," म्हणाले,
आणि 'होती' म्हणताना
दोन बोटांनी हवेत काहीतरी वळलं,
तुटलेला धागा जोडतात तसं.

मी नंबर टाकला. चक्र फिरत राहिलं.
मग लाल अक्षरांत आलं: नाव जुळत नाही.
कंपनीच्या दप्तरी ते चिंधू.
आधारवर चिंधूजी.

"हे जी कोणी लावलं?"
ते जरा लाजलेच.
"आधारवाला पोरगा आमच्याच मोहल्ल्यातला.
मी म्हटलं, लिही, चिंधू.
तो म्हने, काकाजी,
तुमाले नुसतं चिंधू कसं लिहू?"

सव्वीस वर्षं जॉबर त्यांना चिंध्या म्हणत होता.
साठीला आल्यावर कोणीतरी मानाचं एक अक्षर दिलं
आणि त्याच अक्षरात पैसा अडकला.

पासबुक मात्र उघडलं.
"वाच बाई, मोठ्यानं वाच."
मार्च, जमा. एप्रिल, जमा. मे, जमा.
जूनला शून्य.
जुलैला शून्य.
मी पुढं वाचत गेले, मग नुसती स्क्रीन सरकवत गेले.
पाच वर्षं.
चिठ्ठीवर मात्र दर महिन्याला कपात:
सातशे ऐंशी, सातशे ऐंशी, पुढं आठशे चाळीस.

"कापलं तर होतं वं," ते म्हणाले.
थोडा वेळ कूलरकडं बघत राहिले.
"खात्यात खाली पडलेल्या कापसाचंही वजन होये.
झाडूवाली गोळा करे, रजिस्टरात लिहत.
मंग हे कुठी पडलं?"

मी सांगितलं, नाव दुरुस्तीचा फॉर्म असतो,
त्यावर मालकाची सही लागते.
त्यावर ते हसले, खरंच हसले.
"तिथं आता लॉन झालं, बाई. लग्नं लागतात.
मागच्या महिन्यात साळभावाच्या पोरीचं होतं.
पंगत कुठी बसली सांगू? कार्डिंग खात्यात.
माह्या मशीनीच्या जागी बुंदीची परात."

मी हसले नाही.
मला एकदम गुड्डू आठवला.
माझी डेली आहे त्याच्या पतसंस्थेत,
रोजचे पन्नास, चार वर्षांपासून.
साडेसातला यायचा, कमरेच्या यंत्रातून चिठ्ठी फाडायचा,
"ताई, म्हातारपणाची सोय."
मंगळवारपासून आला नाही. फोन लागत नाही.
चिठ्ठ्या गल्ल्याखाली ठेवल्यात.
काल काढून पाहिल्या.
नागपूरचं ऊन कुठूनही आत शिरतं,
अक्षरं सगळी उडालेली.
कोरे, किंचित पिवळे, गुंडाळी झालेले कागद.
मी दिवसभर गावाच्या कागदांच्या झेरॉक्स काढते,
माझ्या एका चिठ्ठीची काढली नाही.

त्यांच्या चिठ्ठ्यांच्या मात्र काढल्या,
साठच्या साठ.
गुलाबी रंग झेरॉक्समध्ये करडा येतो,
आकडे स्पष्ट आले.
अर्ज लिहिला. वर चिंधू लिहिलं,
खाली सही करताना त्यांनी विचारलं,
"इथं जी लावू का नको?"
मला सांगता आलं नाही.

"किती झाले?"
"द्या शंभर."
खरं तर एकशेवीस झाले होते.
त्यांना कसं कळलं कोण जाणे,
त्यांनी दीडशे मोजून काऊंटरवर ठेवले,
मी सुट्टे शोधू लागले तर डबा काखेत मारून उठले.

"राहू दे तीस रुपये तुह्याजवळ.
माहं काहीतरी
कोनाकडं जमा असू दे."